लस थांबवण्याची पात्रता

प्रस्तावना

स्वीडनने एप्रिल १९७५मध्ये नवजात बाळांना सरसकट बीसीजी टोचणे बंद केले. लस महाग झाली होती किंवा मिळेनाशी झाली होती, असे काही नव्हते. देशातला क्षय इतका ओसरला होता की स्वीडिश घरात जन्मलेल्या बाळाला त्याची लागण होण्याचा संभव फारच थोडा उरला होता. त्याच सुमारास लशीतल्या जंतूंमुळे काही बाळांच्या हाडांना सूज येते, हे तिथल्या डॉक्टरांच्या नजरेत भरू लागले होते. पुढे हीच वाट इतरांनीही धरली. जर्मनीने १९९८मध्ये बीसीजीची शिफारस मागे घेतली. ब्रिटनने २००५मध्ये शाळकरी मुलांना लस टोचणे थांबवले, फिनलंडने २००६मध्ये सगळ्या नवजात बाळांना, फ्रान्सने २००७मध्ये सक्ती उठवली, नॉर्वेने २००९मध्ये शाळांतले लसीकरण संपवले. अमेरिका आणि नेदरलँड्स यांनी तर ही लस सरसकट कधी दिलीच नव्हती. इकडे महाराष्ट्रात आणि गोव्यात आजही बाळ जन्मले की घरी जाण्यापूर्वी त्याच्या डाव्या दंडावर बीसीजी टोचली जाते, आणि ती टोचली नाही तर आरोग्यसेविका घर शोधत येते. एकाच लशीबद्दल जगाने असे दोन उलटे निर्णय घेतलेले पाहिले की वाचकाच्या मनात साहजिकच प्रश्न उभा राहतो : यांतले बरोबर कोण?

दोघांचेही बरोबर आहे, आणि दोघांचे बरोबर असण्याचे कारणही एकच आहे, असे माझे म्हणणे आहे. लस चांगली की वाईट, हा प्रश्न मुळातच अर्धवट आहे. कोणत्या समाजात, कोणत्या वयात आणि लागणीचा किती धोका असताना, हे त्याला जोडल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही. क्षयाचा धोका खरोखर कमी झालेल्या समाजात सरसकट बीसीजी थांबवता येते आणि थांबवावीही. पण त्यासाठी लागणारी पात्रता आधी कमवावी लागते. ज्यांनी ती कमावली त्यांनी केवळ सवयीने टोचत राहणे चूक आहे. ज्यांनी अजून कमावलेली नाही त्यांनी थांबणे ही त्याहून मोठी चूक आहे. पुढची सगळी प्रकरणे या एका म्हणण्याची तपासणी आहेत, म्हणून त्यामागचा पुरावा आणि त्यावरचे आक्षेप इथे एकदा सलग मांडणे मला गरजेचे वाटते.

आधी लशीची ओळख. आल्बेर काल्मेत आणि कामिय गेराँ या दोन फ्रेंच संशोधकांनी लील शहरातल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये १९०८पासून गाईंच्या क्षयाचा जंतू बटाटा, ग्लिसरीन आणि पित्त यांच्या मिश्रणावर वाढवायला घेतला. ठरावीक दिवसांनी तो नव्या मिश्रणावर उतरवायचा, पुन्हा वाढू द्यायचा, पुन्हा उतरवायचा, असे १३ वर्षांत सुमारे २३० वेळा केल्यावर त्या जंतूची रोग निर्माण करण्याची ताकद नाहीशी झाली. १९२१मध्ये पॅरिसमध्ये तो पहिल्यांदा एका बाळाला दिला गेला, तोही तोंडावाटे. १९३०मध्ये जर्मनीतल्या ल्यूबेक शहरात या लशीने मोठी दुर्घटना घडली. स्थानिक प्रयोगशाळेत लशीत जिवंत, घातक क्षयजंतू मिसळले गेले आणि लस दिलेल्या सुमारे अडीचशे बाळांपैकी सत्तरहून अधिक दगावली. दोष लशीचा नव्हता, हाताळणीचा होता. पण जिवंत जंतूंची लस हे किती जोखमीचे काम आहे, याची जाणीव तेव्हापासून वैद्यकाला राहिली. भारतात १९४८मध्ये मदनपल्ले इथे तिची सुरुवात झाली आणि १९५१पासून देशभर मोहीम निघाली. राजाजींसारख्या नेत्याने १९५५च्या सुमारास तिला जाहीर विरोध केला होता. म्हणजे या लशीच्या बाजूने आणि विरोधात बोलण्याची आपल्याकडचीही परंपरा जुनी आहे, आणि तो वाद पुराव्याने पुढे नेणे हे आपलेच काम आहे.

ही लस काय करते आणि काय करत नाही, यातला फरक स्पष्ट झाला की अर्धा वाद मिटतो. मोठ्या माणसाला होणारा नेहमीचा क्षय फुप्फुसाचा असतो. त्यात फुप्फुसाला पोकळ्या पडतात, खोकला येतो, आणि खोकल्यातून जंतू हवेत जातात. समाजात क्षय पसरतो तो या रुग्णांकडून. बाळाचा क्षय वेगळा असतो. तान्हे मूल सहसा दुसऱ्याला लागण करत नाही. पण त्याची प्रतिकारशक्ती कोवळी असल्याने श्वासावाटे आत गेलेला जंतू रक्तात उतरतो आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो, किंवा बाजरीच्या दाण्यांएवढ्या बारीक गाठींच्या रूपाने सर्व अवयवांत पसरतो. मेंदूच्या क्षयातून वाचलेल्या मुलाला आंधळेपण, बहिरेपण किंवा मतिमंदत्व येऊ शकते. बीसीजी या दोन रोगांविरुद्ध चांगली उपयोगी पडते. २००६मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा उपयोग मोजला आहे. २००२ साली जगभरात सुमारे १० कोटी बाळांना बीसीजी दिली गेली. त्यामुळे त्यांच्या पहिल्या पाच वर्षांत मेंदूच्या क्षयाचे सुमारे ३०,००० आणि सर्वांगी पसरणाऱ्या क्षयाचे सुमारे ११,५०० रुग्ण टळले, असा त्याचा निष्कर्ष होता. सरासरीने सांगायचे तर साधारण साडेतीन हजार बाळांना लस दिली की एक मूल मेंदूच्या क्षयापासून वाचते. इतक्या स्वस्त लशीसाठी हे फळ फार मोठे आहे.

मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयाबाबत मात्र चित्र असे सरळ नाही. ब्रिटनमध्ये १९५०च्या दशकात शाळा सोडणाऱ्या हजारो मुलामुलींवर वैद्यकीय संशोधन परिषदेने चाचणी घेतली, तेव्हा लशीने सुमारे तीन चतुर्थांश संरक्षण दिले. ब्रिटनने १९५३पासून तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना लस द्यायला घेतली ती याच आशेवर. पण तमिळनाडूतल्या चिंगलपेट जिल्ह्यात १९६८पासून अडीच लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीत पंधरा वर्षे पाठपुरावा करूनही मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयाविरुद्ध संरक्षण दिसले नाही. असे का, याची बरीच चर्चा झाली आहे. आपल्या हवामानात माती-पाण्यातले निरुपद्रवी क्षयगोत्री जंतू सतत अंगावर येतात आणि त्यामुळे लशीचा परिणाम झाकला जातो, हे त्यातले बहुतेकांना पटणारे स्पष्टीकरण. चिंगलपेटचा प्रश्न मोठ्यांच्या फुप्फुसाचा होता, बाळाच्या मेंदूचा नव्हता, हे मात्र विसरता कामा नये. हा सगळा पुरावा एकत्र वाचला तर निष्कर्ष असा निघतो : बीसीजी बाळाला त्याच्या पहिल्या वर्षांत वाचवते, पण समाजातला क्षयाचा प्रसार तिच्या भरवशावर थांबत नाही. प्रसार थांबतो तो खोकणारा रुग्ण लवकर शोधून, पुरे औषध देऊन आणि माणसांना हवेशीर घर व पोटभर अन्न मिळवून देऊन. नेदरलँड्सने सरसकट बीसीजी न देताही आपला क्षय इतरांच्या बरोबरीने खाली आणला, हा याचा उघड दाखला आहे.

आता हिशेब मांडू. लस शंभरातली किती संकटे टाळते हे प्रमाण ठरलेले असले, तरी प्रत्यक्षात किती मुले वाचतात हे मुळात संकटे किती यावर अवलंबून असते. लशीचे दुष्परिणाम मात्र संकट कमी झाले म्हणून कमी होत नाहीत. टोचलेल्या प्रत्येक बाळामागे ते तेवढेच राहतात. फिनलंडचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. तिथे १९६० ते १९८८ या काळात बीसीजीमुळे हाडाला सूज आलेली २२२ मुले नोंदली गेली, म्हणजे वर्षाला सरासरी सात-आठ. फिनलंडची लोकसंख्या साधारण अर्धा कोटी. कमी धोक्याचा देश ओळखण्याची आंतरराष्ट्रीय कसोटी अशी आहे की पाच वर्षांखालच्या मुलांत मेंदूचा क्षय दर कोटी लोकसंख्येमागे वर्षाला एकाहूनही कमी असावा. म्हणजे अशा देशात लस चालू असताना दोन वर्षांत जेमतेम एक मूल. लस चारांतल्या तिघांना वाचवते असे धरले, तर लस नसती तरी हा आकडा वर्षाला दोनच्या आसपास राहिला असता. हाडाची सूज बहुधा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने बरी होते, मेंदूचा क्षय जीव घेतो, तेव्हा दोघांची एकास एक बरोबरी करणे योग्य नाही. पण ही दोन मुले कोणत्या घरांतली असण्याचा संभव अधिक, हे आधी ओळखता येत असेल तर? मग त्या घरांतल्या बाळांना लस देऊन बाकीच्या हजारो बाळांना तिच्यापासून मोकळे ठेवता येते. कमी धोक्याच्या देशांतल्या निर्णयाचा गाभा हाच आहे.

दुष्परिणामांत एक प्रकार फार दुर्मिळ पण भयंकर आहे. ज्या बाळाची प्रतिकारशक्ती जन्मतःच जवळजवळ नसते, त्याच्या अंगात बीसीजीचा जिवंत जंतू आवरला जात नाही आणि सर्व शरीरात पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हे दहा लाख बाळांमागे दोन ते चार जणांना होते. जन्मल्या दिवशी अशी बाळे इतर बाळांसारखीच दिसतात. इंग्लंडमध्ये नवजात बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून हा दोष तपासण्याचा उपक्रम २०२१मध्ये सुरू झाला, तेव्हा धोक्याच्या गटातल्या बाळांची बीसीजीही जन्मानंतर लगेच न देता २८ दिवसांनी द्यायचे ठरले, म्हणजे तपासणीचा निकाल हाती आल्यावर. तिथे बाळाला महिनाभर थांबवणे परवडते, कारण त्या महिन्यात लागण होण्याचा संभव कमी आहे. आपल्याकडे नवजात बाळांची अशी सरसकट तपासणी नाही आणि महिनाभर थांबणे हीच मोठी जोखीम आहे. धोका मोजून लशीचा दिवससुद्धा बदलता येतो, हे या उदाहरणातून दिसते. आणि तोच दिवस दुसऱ्या समाजात घातक ठरेल, हेही दिसते.

थांबवण्याची पात्रता कशी मोजायची, याचे उत्तर आंतरराष्ट्रीय क्षयरोगविरोधी संघाने १९९४मध्ये दिले. त्यांची पहिली अट अशी की देशात क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची भरवशाची नोंद होत असली पाहिजे. त्यानंतर तीनपैकी एक कसोटी पुरी व्हावी : थुंकीत जंतू सापडणारे फुप्फुसाच्या क्षयाचे रुग्ण गेल्या तीन वर्षांत सरासरीने लाखामागे पाच किंवा कमी; किंवा बालकांमधल्या मेंदूच्या क्षयाचे वर सांगितलेले प्रमाण, तेही पाच वर्षांच्या सरासरीने; किंवा एका वर्षात नव्याने लागण होण्याचा धोका हजारात एक किंवा कमी. यातली पहिली अट बारकाईने वाचावी. ज्या देशाला आपले रुग्ण नेमके किती हेच माहीत नाही, त्याच्या कमी आकड्याला किंमत नाही. रुग्ण सापडत नाहीत याचा अर्थ रुग्ण नाहीत, असा होत नाही. म्हणून लस थांबवण्याची तयारी लसीकरण केंद्रात सुरू होत नाही; ती थुंकी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आणि रुग्णाच्या घरच्यांची तपासणी करणाऱ्या कार्यकर्त्याच्या पायांत सुरू होते.

थांबवल्यावर काय झाले, हेही आता ताडून पाहता येते. स्वीडनमध्ये सरसकट लस थांबल्यावर न टोचलेल्या मुलांत क्षय थोडा वाढला, हे मान्य करायला हवे. पण मुळातले प्रमाण इतके कमी होते की वाढूनही ते कमीच राहिले. आणि वाढीचा भार ज्या कुटुंबांवर पडला ती बहुतांशी क्षयग्रस्त देशांतून आलेली होती, तेव्हा त्यांच्या बाळांचे लसीकरण जोमाने हाती घ्यावे लागले. फिनलंडमध्ये २००६नंतरही बालकांचा क्षय दुर्मिळच राहिला. मात्र दुसरी एक गोष्ट स्वीडन, फिनलंड आणि चेक प्रदेश तिन्हीकडे दिसली. मानेतल्या गाठी सुजवणारे, क्षयाच्याच गोत्रातले पण वेगळे जंतू लहान मुलांत अधिक आढळू लागले. बीसीजी या जंतूंनाही काही प्रमाणात आवरत होती, हे ती थांबल्यावर कळले. गाठींचा हा आजार जिवावर बेतत नाही, पण मुलाला शस्त्रक्रिया सोसावी लागू शकते. हा थांबवण्याचा खरा खर्च आहे, आणि बाजू मांडताना तो झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. तो मोजूनही पारडे फिरत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

पहिला मोठा आक्षेप असा की क्षयाला सीमा नसते. माणसे विमानाने फिरतात, मग कमी धोक्याचा समाज असे काही उरते का? याचे उत्तर ब्रिटनच्या नियमात आहे. २००५नंतर तिथे दोन प्रकारच्या बाळांना लस दिली जाते. लाखामागे ४० किंवा अधिक रुग्ण असलेल्या भागात राहणारी बाळे, आणि आई-वडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कोणीही तितका क्षय असलेल्या देशात जन्मले आहे अशी बाळे. म्हणजे पुण्या-नाशिकच्या जोडप्याला लंडनमध्ये मूल झाले तर त्या बाळाला बीसीजी मिळण्याचा हक्क आहे, मग त्याच्या पासपोर्टवर कोणताही देश असो. हा नियम आपल्या घरांच्या रीतीशी नेमका जुळतो. बाळंतपणासाठी आई किंवा सासू इथून तिकडे जाते, काही महिने बाळाला मांडीवर घेऊन राहते आणि परत येते. सहा महिन्यांहून जास्त राहण्यासाठी भारतातून ब्रिटनला जाणाऱ्याची क्षयाची तपासणी होते. त्याहून कमी मुदतीच्या व्हिसावर जाणाऱ्या आजीची होत नाही. तिला साधा वाटणारा जुनाट खोकला असेल, तर लागण होईल ती त्या बाळालाच. परदेशातल्या मराठी आई-वडिलांनी म्हणून ही लस टाळू नये. 'इथे कोणीच घेत नाही' हे त्यांच्या शेजाऱ्याच्या बाबतीत खरे असेल. त्यांच्या बाळाच्या बाबतीत ते खरे नाही.

याच नियमावर दुसरा आक्षेप येतो, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. आई-वडिलांचा देश विचारून लस देणे म्हणजे परक्या माणसांवर रोगाचा शिक्का मारणे नाही का? ज्या समाजाने क्षयाचा रुग्ण लपवून ठेवण्याची वेळ घराघरांवर आणली, त्याला ही भीती समजावून सांगावी लागत नाही. तरीही सर्वांना टोचणे हा या शिक्क्यावरचा उपाय नव्हे. तसे केले तर हजारो बाळांना बिनगरजेची जोखीम सोसावी लागते, आणि ती केवळ मोठ्यांचा संकोच टाळण्यासाठी. विचारण्याची पद्धत सुधारणे हाच खरा मार्ग आहे. गरोदरपणाच्या पहिल्या भेटीत सर्वच आयांना तोच प्रश्न, त्याच शब्दांत विचारावा. तो वंशाचा नसून बाळाच्या आसपासच्या लागणीचा आहे, हे सांगावे. आणि लस हा त्या बाळाचा हक्क आहे, अशा सुरात सांगावे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे : निवडक लसीकरण कागदावर नीट दिसते आणि प्रत्यक्षात गळते. फ्रान्समध्ये सक्ती उठल्यावर धोक्याच्या गटातल्या मुलांतही लसीकरण घसरले, तेव्हा हा आक्षेप खोटा म्हणता येत नाही. त्याची कारणे लशीच्या स्वभावातच आहेत. बीसीजी कातडीच्या आत द्यावी लागते, कातडीखाली नव्हे. बारीक सुई जवळजवळ आडवी धरायची, नवजात बाळाला जेमतेम ०.०५ मिलिलिटर द्यायची, आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत, पांढरट फुगवटा उठला तरच ती नीट गेली असे समजायचे. सुई खोल गेली की गळू आणि काखेत गाठ. हे कौशल्य रोजच्या सरावाने टिकते. महिन्यात एकदा टोचणाऱ्याच्या हाताला ते राहत नाही. शिवाय एका कुपीत अनेक बाळांची लस असते आणि ती विरघळवली की काही तासांत संपवावी लागते. एका बाळासाठी कुपी फोडायची की पुढच्या आठवड्यात बोलवायचे, असा पेच येतो, आणि बोलवलेले बाळ पुन्हा येतेच असे नाही. म्हणून निवडक लसीकरणासाठी ठरावीक केंद्रे, ठरावीक दिवस, सराव असलेली परिचारिका आणि न आलेल्या बाळाचा पाठपुरावा, हे सगळे आधी उभे करावे आणि नंतर सरसकट लस थांबवावी. हा क्रम उलटला की आक्षेप खरा ठरतो. आयर्लंडमध्ये २०१५ साली लशीचा पुरवठाच आटला आणि सरसकट लसीकरण पुन्हा सुरू झाले नाही. तुटवड्याने थांबणे आणि विचाराने थांबणे यांचा शेवट एकसारखा दिसला तरी पहिल्याचे अनुकरण कोणी करू नये.

चौथा मुद्दा बीसीजीच्या इतर गुणांचा आहे. ती कुष्ठरोगापासूनही काही संरक्षण देते, हे खरे. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊमधल्या अभ्यासांत ती अशक्त नवजात बाळांना क्षयाखेरीज इतर संसर्गांतूनही वाचवते असे दिसले. मग श्रीमंत देशांतल्या बाळांना तो लाभ का नाकारायचा? डेन्मार्कमध्ये चार हजारांवर बाळांवर हाच प्रश्न पारखला गेला. जन्मतः बीसीजी दिलेली बाळे आणि न दिलेली बाळे यांत पहिल्या सव्वा वर्षात रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. जिथे बाळे न्यूमोनियाने आणि रक्तातल्या संसर्गाने मोठ्या संख्येने दगावतात तिथे जो लाभ दिसतो, तो जिथे ती दगावत नाहीत तिथे दिसत नाही. लाभ परिस्थितीवर ठरतो, हेच इथेही ठरले. एका जुन्या युक्तिवादाचा जोर मात्र आता कमी झाला आहे, हेही सांगायला हवे. बीसीजी घेतलेल्याची ट्यूबरक्युलिन चाचणी, म्हणजे क्षयाची लागण ओळखण्याची कातडीवरची चाचणी, फसवी येते, म्हणून लस नको, असे पूर्वी म्हणत. २००१मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या एका शाळेत क्षयाचा मोठा उद्रेक झाला तेव्हा ५३५ विद्यार्थ्यांची नव्या रक्तचाचणीनेही तपासणी झाली, आणि ती बीसीजीने फसत नाही, असे आढळले. आपल्या बाजूचा असला तरी जो पुरावा जुना झाला तो सोडून दिलाच पाहिजे.

सगळ्या देशांनी एकाच आकड्याला एकच निर्णय घ्यावा, असाही याचा अर्थ नाही. जपानमध्ये २०२१पासून रुग्णांचे प्रमाण लाखामागे दहाच्या खाली आले आहे, तरी तिथे बाळांना पाच ते आठ महिन्यांच्या वयात नऊ सुयांच्या ठशाने बीसीजी दिली जाते. तिथले बहुतेक रुग्ण म्हातारे आहेत. तरुणपणी लागलेला जंतू उतारवयात जागा होतो. म्हणजे धोका एखाद्या वस्तीत किंवा स्थलांतरितांत गोळा झालेला नाही, तो कुठल्याही आजीआजोबांच्या घरात असू शकतो. धोका जिथे वेगळा काढता येत नाही तिथे निवड करणे कठीण, आणि जपानने सावकाश जायचे ठरवले यात मला दोष दिसत नाही.

शेवटी आपल्याकडे येऊ, कारण मराठी वाचक हे पुस्तक वाचणार आहे तो इथूनच. २०२३ साली भारतात लाखामागे सुमारे १९५ जणांना क्षय झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि जगातल्या दर चार रुग्णांमागे एक भारतात आहे. एकट्या महाराष्ट्रात वर्षाला दोन लाखांहून अधिक रुग्णांची नोंद होते. १९९४च्या कसोट्यांच्या जवळपासही आपण नाही. 'स्वीडनने बंद केली, मग आमच्या बाळाला कशाला?' असे विचारणाऱ्याने स्वीडनचा निर्णय उचलला आहे आणि निर्णयाचे कारण मागे ठेवले आहे. सुखवस्तू कुटुंबांतून येणारा प्रश्न थोडा वेगळा असतो : आमच्या घरात कोणाला क्षय नाही, मग आमचे बाळ कमी धोक्याचे नाही का? मुंबईसारख्या शहरात लिफ्ट, दवाखान्याची बंद खोली, लोकलचा डबा आणि घरकामाला येणारी माणसे सर्वांची सामाईक आहेत. त्या माणसांचा यात काही दोष नाही. त्यांना वेळेवर तपासणी आणि उपचार मिळत नाहीत, हा आपणा सर्वांचा दोष आहे. हवा सामाईक आहे तोवर कमी धोक्याची इमारत अशी नसते. 'आमच्या आजोबांना लस टोचली होती, तरी टीबी झालाच' या तक्रारीचे उत्तर वर आले आहे : ती लस आजोबांच्या फुप्फुसासाठी नव्हती, बाळाच्या मेंदूसाठी आहे.

तेव्हा या पुस्तकाचा उपयोग बीसीजीविरुद्धचे कात्रण म्हणून कोणी करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सरसकट लस थांबवणारे देश लशीला कंटाळून थांबले नाहीत. त्यांनी रुग्ण शोधले, मोजले, बरे केले, आणि मग बाळांच्या दंडावरची सुई उचलली. आपल्यालाही तो दिवस आणायचा आहे, पण तो लसीकरणाच्या टेबलापाशी येणार नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकणाऱ्या प्रत्येकाची तपासणी, सुरू केलेल्या औषधाचा शेवटच्या गोळीपर्यंतचा पाठपुरावा, रुग्णाच्या घरातल्या लहान मुलांना प्रतिबंधक औषध आणि रुग्णाच्या ताटात पुरेसे अन्न, या मार्गाने तो येईल. तोपर्यंत महाराष्ट्रात, गोव्यात किंवा परदेशातल्या मराठी घरात जन्मलेल्या बाळाला बीसीजी वेळेवर मिळालीच पाहिजे.